नवरा अमेरिकेत

जेवणाच्या खोलीत आमच्याकडे एका कड्याचं चित्र होतं:
पांढरा खडू, खाली समुद्र, वर दोन मेंढ्या.
आडनाव डोव्हर, म्हणून आजोबांनी लिलावात घेतलेलं.
"आपण मूळचे इंग्लंडातले," असं सांगत ते दर रविवारी
डुकराच्या मांसावर आंबवलेला कोबी वाढायचे,
आणि कुणालाच त्यात काही खटकायचं नाही.

मी एकतीस वर्षं चुनखडीच्या खाणीवर
वजनकाट्यापाशी बसलो.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक, म्हणजे माल.
निवृत्तीनंतर हाच हिशेब माणसांवर करायला घेतला.
दफनभूमीतल्या झिजल्या दगडांवर मैदा चोळायचा,
तळव्यानं पुसायचा, की खाचांतून अक्षरं वर येतात.
वेंगर्टबाई ओरडल्या, "मुंग्या लागतील मेल्यांना!"

डोव्हर. त्याआधी डोबर. त्याआधी डाउबर.
ज्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.
आणि सगळ्यांत तळाशी, समुद्रापलीकडच्या हजेरीपटात,
टाउबर, योहान कोनराड, शिपाई, वय बावीस,
एका राजानं दुसऱ्या राजाला भाड्यानं दिलेला.
पुढच्या रकान्यात एकच शब्द. पळाला.
त्याखाली पलटणीचं नुकसान, सुवाच्य अक्षरात:
बंदूक एक, पट्टा एक, पितळी बटणं बावीस.
माझ्यासारखाच कुणीतरी बसला असणार तिथे,
काट्यापाशी.

कैदी म्हणून त्याला लोखंडाच्या भट्टीवर
लाकडं फोडायला दिलं होतं.
पलीकडच्या शेतात लोक त्याच्याच बोलीत बैलांना शिव्या देत होते.
आणि तंबाखूच्या पुडीच्या कागदावर छापलेलं,
इकडे या, पन्नास एकर जमीन मिळेल.
त्याला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं असेल
दबक्या आवाजात, दोनदा.
ऑगस्टातल्या एका रात्री
दोन्ही राजांच्या हातावर तुरी देऊन तो निघाला
आणि फार लांब गेलाच नाही. सहा मैल.
आमचं घर अजून तिथेच आहे.

कुटुंबाच्या मेळाव्यात हे सांगितलं तर हशा, टाळ्या.
नातवानं, एमेटनं, सगळ्यांसाठी टोप्या छापून घेतल्या:
पळपुट्याची अवलाद.
चित्र बहीण घेऊन गेली. तिला मेंढ्या आवडतात.

मग क्रोलफायफरांचं पत्र आलं.
ओबरहाझलचे निवृत्त मास्तर, आडनावाच्या चौकशीला उत्तर म्हणून
चर्चच्या वहीतल्या नोंदी उतरवून पाठवलेल्या.
आना गेरट्राउट, कोनराड टाउबरची बायको.
गावातल्या पोरांच्या बारशांना उभी राहिलेली, एकेचाळीस वेळा.
दर वेळी पाद्री तिचं नाव लिहितो आणि पुढे:
नवरा अमेरिकेत.
१७७९, नवरा अमेरिकेत.
१७९४, नवरा अमेरिकेत. पाद्री बदलला, शाई बदलली,
१८०३, नवरा अमेरिकेत.
तिची सही म्हणजे एक फुली. दरवर्षी थोडी जास्त तिरकी.
शेवटची १८१९ ची.
इथे तो जाऊन तोवर आठ वर्षं झालेली;
त्याच्या दगडावरचा मैदा मीच पुसला होता:
एव्हा बार्बराचा प्रिय पती, अकरा लेकरांचा बाप.

अकरा. त्यातल्या सातव्याचा मी.

लिहिलं मास्तरांना, तिची कबर कुठे आहे?
म्हणाले, आमच्याकडे जागा कमी.
तीस वर्षं झाली की माती उकरून दुसऱ्याला देतात.
दगड राहत नाही.
पत्राच्या शेवटी हवामान, त्यांचा गुडघा, आणि शुभेच्छा.

वंशवृक्षाच्या कागदावर बायकोसाठी एकच चौकट आहे.
ती मी भरलेली नाही.
मैद्याची पिशवी अजून गाडीत, मागच्या सीटवर,
तोंड दुमडून ठेवलेली.